महात्मा जोतीराव फुले आणि त्यांची रात्रीची शाळा

मंडळाच्या चालकांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना केली, तेव्हा आम्ही फार विचार न करता महात्मा जोतीराव फुले ह्यांचे नाव सांगितले. काही तरुण सभासदांनी मान डोलाविली; पण एकदोघांच्या चेहऱ्यावर असे दिसले की, ह्यात नवे ते काय. जोतीरावांची तसबीर आपल्या शाळांतून लागलेली असते, 11 एप्रिलला तिला हार घातला जातो, मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज, विहिरीचा हौद अशी चार वाक्ये मुले पाठ म्हणून दाखवितात. आम्हीही पस्तीस वर्षे ती पाठ करून घेतली. परंतु ज्या जोतीरावांविषयी आम्हांस लिहावयाचे आहे, ते ह्या चार वाक्यांत बसत नाहीत. दिवसभर राबून आलेल्या थोराड माणसाला रात्री दोन तासांत नेमके काय शिकवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे आणि ते कोणी शिकवावे, ह्या प्रश्नाचा महाराष्ट्रात फार आधी आणि फार खोल विचार करणारे जोतीराव, हा आमचा विषय आहे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो त्याला कारण आमची स्वतःचीच एक फजिती आहे. ती आधी सांगतो.

2 ऑक्टोबर 1978 रोजी देशभर प्रौढशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या सुमारास आम्ही नुकतेच मॅट्रिक होऊन बसलो होतो. अंगात उत्साह होता. नंदाखाल येथे आमच्याच आळीत एका घराच्या पडवीत आम्ही आपण होऊन रात्रीचा वर्ग काढला. पहिल्या आठवड्यात सतरा माणसे आली. सारी वाडीत राबणारी. कोणाची केळी, कोणाचा भाजीपाला, कोणाची फुले. आम्ही पहिलीच्या मुलांचे पुस्तक घेऊन बसलो आणि चित्रावर छडी ठेवून अक्षरे म्हणवून घेऊ लागलो. ज्या गृहस्थांनी पावकी-निमकी तोंडपाठ ठेवून वर्षानुवर्षे बाजार केला होता, त्यांना आम्ही एक ते दहा मोजावयास लावले. वर्गाची वेळ ठेविली रात्री नऊची. आणि ह्यांतील निम्मी माणसे पहाटे तीनला उठून विरारहून पहिल्या गाडीने दादरला टोपल्या नेणारी! महिना होतो न होतो तो चार जण उरले.

त्या चारांत एक वयोवृद्ध शेतकरी होते. एका रात्री त्यांनी बंडीच्या खिशातून दादरच्या आडत्याची पट्टी काढून आमच्यापुढे ठेविली आणि हे वाचावयास शिकवा, एवढीच विनंती केली. पट्टीवर मालाचे वजन, दर, आडत, हमाली, तोलाई, भाडे असे सारे घाईच्या हस्ताक्षरात खरडलेले होते. आम्ही त्यांना सांगितले की, आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, आणि हे सारे झाल्यावर पट्टी. ते काही बोलले नाहीत. पट्टीची घडी घालून त्यांनी ती पुन्हा खिशात ठेविली. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत आणि पुढे दिवाळीपूर्वीच आमचा वर्ग बंद पडला. पुढे अध्यापक विद्यालयात जाऊन आम्ही रीतसर शिक्षक झालो, निवृत्तही झालो. परंतु ती घडी घातलेली पट्टी मनातून गेली नाही. बऱ्याच वर्षांनी जोतीरावांचे 1882 सालचे निवेदन आमच्या वाचनात आले, तेव्हा आपण काय चुकलो ते आम्हांस कळले. असो.

जोतीरावांचा जन्म 1827 साली झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पणजोबांचा गावच्या कुलकर्ण्याशी तंटा होऊन त्यांना गाव सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे कुटुंब पुण्यास आले, पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचा व्यवसाय करू लागले आणि त्यावरून फुले हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव ह्यांचा फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा होता. म्हणजे आपल्यासारखेच बागाईत घर. आई चिमणाबाई ह्या मूल वर्षाचेही झाले नाही तोच वारल्या व सगुणाबाई क्षीरसागर ह्या मावसबहिणीच्या नात्यातील स्त्रीने त्यांना वाढविले.

सातव्या वर्षी मराठी शाळेत घातलेला हा मुलगा मध्येच शाळेतून काढला गेला. माळ्याच्या मुलाला शिकून करावयाचे काय, उलट तो बिघडेल, असे वडिलांच्या दुकानातील कारकुनाने भरविले आणि ते वडिलांना पटले. पुस्तक सुटले, हाती खुरपे आले. तेराव्या वर्षी लग्नही झाले. परंतु दिवसभर मळ्यात काम करून रात्री दिव्याच्या उजेडात हा मुलगा मिळेल ते वाचीत बसे. शेजारी राहणारे गफार बेग मुनशी आणि लिजिट नावाचे साहेब ह्यांच्या ते नजरेस आले. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. 1847 पर्यंत त्यांचे इंग्रजी शिक्षण चालले.

दिवसा काम आणि रात्री दिव्यापाशी पुस्तक, ही स्थिती जोतीरावांनी स्वतः भोगली होती, हे येथे ध्यानात ठेवावे. लहान मुलांबरोबर बसण्याचे वय उलटून गेल्यावर पुन्हा पाटीवर हात धरावा लागतो, तेव्हा मनाला काय होते, ते त्यांना कोणी सांगावयास नको होते.

पुढचे वृत्त वाचकांस परिचित आहे, म्हणून ते थोडक्यात उरकतो. पत्नी सावित्रीबाई व सगुणाबाई ह्यांना त्यांनी प्रथम घरीच शिकविले. 1848 साली बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. 1849 साली लोकनिंदेला भिऊन वडिलांनी दोघांनाही घराबाहेर काढले. त्यानंतर 1851 आणि 1852 साली मुलींच्या आणखी शाळा आणि महार-मांग मुलांच्या शाळा निघाल्या, आणि 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी ह्यांच्या हस्ते सरकारने त्यांचा सत्कार केला. सावित्रीबाई शिक्षिका म्हणून तयार होण्यासाठी अहमदनगर व पुणे येथे रीतसर शिकल्या, ही गोष्ट मात्र उरकण्यासारखी नव्हे. कारण शाळा काढण्याआधी आणि काढताना शिक्षक घडविला पाहिजे, हे ह्या दांपत्याला पहिल्यापासून उमगले होते.

आता 1855 साल. ह्या वर्षी जोतीरावांनी आपल्या राहत्या घरी शेतकरी व मजूर ह्यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. रोज दोन तास. सावित्रीबाईही शिकवीत. जोतीरावांचे वय त्या वेळी अठ्ठावीस. सरकारी धोरण तेव्हा असे होते की, वरच्या वर्गातील थोड्यांना उत्तम शिक्षण द्यावे, म्हणजे ते झिरपत झिरपत खालच्यांपर्यंत पोचेल. वुडसाहेबांचा 1854 चा खलिता येऊन सामान्य जनांच्या शिक्षणाची भाषा नुकतीच सुरू झाली होती. पण ती मुलांपुरती. बाप्या माणसाला आणि बाईमाणसाला शिकवावे, ही कल्पना सरकारदरबारी तर नव्हतीच, लोकांतही नव्हती. जगात अन्यत्र मात्र अशा हालचाली होत होत्या. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग ह्या धर्मोपदेशकाच्या विचारांतून 1844 साली शेतकऱ्यांच्या थोराड मुलांसाठी लोकशाळा निघाली होती आणि लंडनमध्ये कारागिरांच्या रात्रवर्गांची संस्था 1823 पासून चालू होती. पुण्याच्या एका माळ्याच्या घरातील ही शाळा त्याच कुळातील होती असे म्हणावयास हरकत नाही. फक्त तिच्यापाशी इमारत नव्हती आणि देणगीदार नव्हते.

त्याच वर्षी जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून जोशी तिच्या नवऱ्याला कर्जात कसा उतरवितो, ह्याची ती हकीकत आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. नाटक म्हणून त्याचे मोल काय, हे रसिकांनी ठरवावे. आमच्या दृष्टीने त्याचा शेवट महत्त्वाचा. फसलेले ते कुणबी जोडपे डोळे उघडल्यावर रात्रीच्या शाळेत शिकावयास जाण्याचा निश्चय करते. आता हे जोडपे शाळेत कशासाठी निघाले आहे, ते पाहावे. त्याला नोकरी नको आहे, पोथी वाचून पुण्यही नको आहे. पुन्हा कोणी फसवू नये, एवढ्यासाठी ते निघाले आहे. अभ्यासक्रम आखणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच असतो की, शिकणारा माणूस कोणत्या गरजेने दारात येऊन उभा राहिला आहे. आमच्या पडवीत तो प्रश्न पट्टीच्या रूपाने आमच्या पुढ्यात ठेविला गेला होता आणि आम्ही त्याला बाराखडीच्या मागे उभा केला.

ह्या रात्रीच्या शाळेची एक आख्यायिका चरित्रकार सांगतात. 1856 च्या सुमारास जोतीरावांच्या विरोधकांनी त्यांना ठार मारण्यासाठी दोघांना पैसे कबूल करून धाडले. एक रोडे नावाचा, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. मध्यरात्री ते घरात शिरले. जोतीराव जागे झाले आणि आपल्या मरणाने तुमच्या घरी चार पैसे येत असतील तर मान पुढे आहे, अशा अर्थाचे काही बोलले. दोघांनी शस्त्रे टाकली. पुढे रोडे त्यांचा अंगरक्षक झाला, दोघेही रात्रीच्या शाळेत बसू लागले आणि धोंडीराम तर इतका शिकला की, पंडित म्हणून नावाजला व त्याने ग्रंथही लिहिला. आख्यायिकेत थोडी भर पडलेली असेल. पण शिक्षकाच्या नात्याने आम्हांस त्यातील रात्रीच्या थरारापेक्षा पुढच्या रात्रींचे अधिक नवल वाटते. कुंभाराच्या चाकावर बसलेल्या प्रौढ हाताला लेखणी धरावयास लावून ग्रंथापर्यंत नेणे, हे काम किती रात्रींचे असेल, ते ज्याने असा हात एकदा तरी धरला आहे त्यालाच समजेल.

त्यानंतरची पंचवीस-सव्वीस वर्षे जोतीराव नुसते शिक्षक नव्हते. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत त्यांनी काही काळ शिकविले. बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामी दगड वगैरे पुरविले. स्वतः शेती केली. 1873 साली सत्यशोधक समाज स्थापिला. 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ह्या उद्योगांमुळे खडी फोडणारे मजूर, गवंडी, कुणबी, माळी ह्यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध आला आणि अक्षरशत्रू माणूस नेमका कोठे मार खातो, हे त्यांनी जवळून पाहिले.

तो मार कसला होता, हे आजच्या तरुणांस समजावे म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. त्या काळी शेतकऱ्याच्या आयुष्यातील सारे महत्त्वाचे कागद मोडीत असत. कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत, सावकाराचे खत मोडीत, पावती मोडीत, कचेरीतला हुकूम मोडीत. छापील पुस्तके मात्र बाळबोधात, म्हणजे आपण आज लिहितो त्या देवनागरीत. शेतकऱ्याला खत वाचता येत नसे. लिहिणाराने जे वाचून दाखविले तेच खरे मानून तो खाली नांगराची आकृती काढी. ती त्याची सही. शंभर घेतले असता दीडशे लिहिले काय, फेडलेली रक्कम जमेस धरली नाही काय, त्याला कळण्यास मार्ग नव्हता. ह्याचा स्फोट 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून खते व वह्या मागितल्या आणि त्यांची होळी केली. ते लोण पुणे व नगर ह्या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात शेतकऱ्याचे खत गावनिबंधकापुढे व्हावे अशी तजवीज होती. कायदा ठीक, पण ज्याच्यासाठी तो केला, त्याला तो कागद अजून वाचता येत नव्हताच.

आपल्या वसईच्या बाजूस दंगा झाला नाही, पण कागद तेच होते. आमच्या घरच्या जुन्या पेटीत मोडीतील एक गहाणखत आहे. तीन पिढ्यांत ते कोणास वाचता आले नाही, आणि ते कोणत्या वाडीचे, फिटले की नाही, ह्यावर आमच्या आजोबांचे त्यांच्या चुलतभावाशी जन्मभर अबोले राहिले.

ह्या पार्श्वभूमीवर 1882 सालचे निवेदन वाचावे. लॉर्ड रिपन ह्यांनी त्या वर्षी सर विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमिला. 19 ऑक्टोबर रोजी जोतीरावांनी आपले निवेदन त्यापुढे इंग्रजीत सादर केले. त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी दिली आहे. निवेदन मुख्यतः प्राथमिक शाळांविषयी आहे. परंतु वाचताना पदोपदी जाणवते की, लिहिणाराच्या डोळ्यांपुढे रात्रीच्या शाळेतील माणूसच बसलेला आहे.

खेड्यातील शाळेत काय शिकवावे? मोडी व बाळबोध दोन्ही लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे काही पाठ. एवढाच अभ्यासक्रम. वरवर पाहता साधी यादी वाटते. पण तिच्यातील एकेक शब्द कमावलेला आहे. मोडीचे नाव जोतीरावांनी विसरू दिले नाही, कारण नुसत्या बाळबोधाने पुस्तक वाचता येईल, खत वाचता येणार नाही. आमच्या त्या वृद्ध गृहस्थांची पट्टी हीही एक प्रकारची मोडीच होती! छापील अक्षरे शिकविली की आडत्याचे घाईचे हस्ताक्षर आपोआप वाचता येईल, हा आमचा भ्रम होता. वास्तविक पट्टीवर पंधरा-वीसच शब्द फिरून फिरून येतात. ते शब्द, ते आकडे आणि वजाबाकी एवढे आम्ही आधी घेतले असते, तर त्या माणसाला आठ दिवसांत स्वतःची पट्टी लागली असती आणि बाराखडी त्याने मागाहून आपण होऊन मागितली असती. हिशेबाचेही तेच. तोंडी हिशेब खेडूताला येतोच. येत नाही तो लिहिलेला हिशेब, आणि फसवणूक होते ती लिहिलेल्या हिशेबात.

शेतीच्या पाठांसाठी शाळेला जोडून एक लहानशी नमुन्याची शेती असावी, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष करून शिकता येईल, असे ते सुचवितात. खेड्यातील शाळेत विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील. पण त्यामुळे ते कमी उपयोगाचे असता कामा नयेत, हाही त्यांचा कटाक्ष आहे. ह्या ठिकाणी आम्हांस थांबावेसे वाटते. खेड्यासाठी निराळा अभ्यासक्रम म्हटला की, पुष्कळदा हलका, उरलासुरला अभ्यासक्रम असा अर्थ होतो. आम्ही नोकरीत असताना हे अनेकदा पाहिले. जोतीरावांच्या यादीत शेती आहे तसा इतिहासही आहे आणि भूगोलही. कुणब्याच्या पोराने नांगर चांगला धरावा, पण जग केवढे आहे हेही त्याला ठाऊक असावे. व्याकरणाविषयी मात्र आम्ही जोतीरावांशी अदबीने मतभेद नोंदवितो. आमच्या अनुभवाने ते सर्वांच्या शेवटी ठेवावे.

पुढे शिक्षक. तत्कालीन खेड्यांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण असत, सोवळ्याओवळ्यामुळे मुलांपासून दूर राहत, बहुतेकांना रीतसर शिक्षण मिळालेले नसे आणि पगार क्वचितच दहा रुपयांवर जाई, असे निवेदनात म्हटले आहे. जोतीरावांना शिक्षक हवा होता तो शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, परीक्षा उतरलेला, लोकांत मिसळणारा आणि प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्यास न लाजणारा. पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. शिवाय गावच्या हिशेबांचा तपासनीस, दस्तऐवजांचा निबंधक, टपालमास्तर किंवा स्टँपविक्रेता अशी कामेही त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे त्याचा मान वाढेल आणि लोकांवर त्याचा चांगला परिणाम होईल.

ही शेवटची सूचना वाचून आम्ही थक्क झालो. कारण गावातले जे कागद अडाण्याला बुडवितात, नेमके तेच कागद जोतीराव शिक्षकाच्या टेबलावर आणून ठेवीत होते. दिवसा ज्या खतावर साक्ष घालावयाची तेच रात्री वर्गात वाचावयास घ्यावे, इतका सरळ मार्ग ह्यातून निघतो. शिक्षकांना शाळाबाह्य कामे लावू नयेत म्हणून आम्ही स्वतः हयातभर तक्रारी केल्या आहेत आणि त्यातील बऱ्याच रास्तही होत्या. पण काम आणि काम ह्यात फरक असतो, हे जोतीरावांमुळे आमच्या ध्यानात आले.

तपासनिसाच्या भेटीविषयी ते म्हणतात की, वर्षातून एकदा येणे पुरेसे नाही. तीन महिन्यांतून एकदा यावे आणि आगाऊ वर्दी न देता यावे. ज्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सारविल्या आहेत, ते वाचक येथे हसतील. तसेच, मॅट्रिकची परीक्षा खासगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांस मुंबई विद्यापीठ देऊ देते, ही चांगली गोष्ट आहे. हीच सवलत पदवीच्या परीक्षांनाही द्यावी, असे त्यांनी सुचविले. महाविद्यालयाची पायरी चढण्याची ऐपत किंवा सवड नसलेल्या मोठ्या माणसाचे दार ते उघडू पाहत होते. नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले ते 1989 साली.

ह्या सूचनांचे पुढे काय झाले? आयोगाचा अहवाल 1883 साली निघाला. त्यात देशी हिशेब, शेती आणि आरोग्य ह्यांचा प्राथमिक शिक्षणात उपयोग व्हावा, रात्रशाळांना उत्तेजन द्यावे, अशा शिफारशी आल्या. परंतु बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे, ही जोतीरावांची मुख्य मागणी सरकारने मानली नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1906 साली आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1917 साली ती आपापल्या राज्यांत अमलात आणली. नमुन्याची शेती फारच थोड्या शाळांच्या वाट्यास आली. मोडी तर शाळांतून पुढे नाहीशीच झाली; जुने कागद मात्र पेट्यांतून तसेच राहिले.

जोतीराव आयोगावर विसंबून बसले नाहीत. 1883 साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्याची भाषा कठोर आहे, काही ठिकाणी ती आम्हांसही बोचते. ज्या ब्राह्मण गुरुजींनी आम्हांला घडविले त्यांची आठवण तेव्हा मनात येते. पण त्या पुस्तकातील शेवटचे भाग केवळ कठोर नाहीत. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांच्याच वर्गातील शिक्षक तयार करावेत, पाणी अडविण्यासाठी ताली-बंधारे घालावेत, चांगले पीक काढणाऱ्यास व औत उत्तम हाकणाऱ्यास परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, असा उपायांचा विचार तेथे आहे. औत हाकण्याची परीक्षा! लेखी परीक्षेखेरीज दुसरी परीक्षा असू शकते, हे आम्हां शिक्षकांच्या डोक्यात सहसा येत नाही. प्रौढ माणूस ज्या कामात आधीच निष्णात आहे, त्या कामात त्याला प्रथम पास करावे आणि मग नव्या विषयाकडे न्यावे, हे आमच्या पडवीत आम्ही केले असते, तर पावकी-निमकी पाठ असलेल्या त्या माणसांना एक ते दहा मोजताना खाली मान घालावी लागली नसती.

11 मे 1888 रोजी मुंबईस मांडवी येथील सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. ज्या हाताने त्यांनी असंख्य पाट्यांवर अक्षरे गिरवून दाखविली, तो हात निकामी झाला. वय एकसष्ट. 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ लिहावयाचा मनात होता. तेव्हा त्यांनी डावा हात कामास लाविला. आयुष्यभर मोठ्या माणसांना अक्षर वळवावयास शिकविणारा हा गुरू म्हातारपणी पुन्हा लेखणी धरावयास शिकला आणि डाव्या हाताने त्यांनी तो ग्रंथ पुरा केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ 1891 साली त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव ह्यांनी छापून प्रसिद्ध केला.